आईच्या कपाटातला स्फटिक

ती. ताईस,

तुझ्या पाया पडतो (पत्रातून सोपं जातं, कंबर धरत नाही). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आई तुझ्याकडे मजेत असेलच. मी धड आहे, फक्त फार दमलोय गं.

सहा वर्षं मी स्फटिक वाढवतोय, हे तू लोकांना सांगून थकलीस. पेरोव्हस्काइट म्हणतात त्याला. वहीच्या पानांसारखे थरावर थर. फेरोइलेक्ट्रिक असल्याने विजेचा जोर अंगचाच, तेव्हा बॅटरी न लावताही त्याने किरणोत्सर्ग ओळखावा अशी अपेक्षा. (अपेक्षा माझ्या मार्गदर्शक सरांची. स्फटिकाला कुणी विचारलेलं नाही.) तीन महिन्यांपूर्वी त्याने ओळखला! चाचणीसाठीच्या किरणोत्सर्गी बटणाची (बटणाएवढी चकती गं) डबी चिमट्याने जवळ नेली, की आलेख टुणकन वर. एरवी 'हं' पलीकडे न बोलणाऱ्या सरांनी पाठ थोपटली.

परवा सुरक्षा विभागाच्या बाई आल्या आणि त्यांनी ते बटण माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, तपासणीहून परत आलंय. तीन महिने डबी रिकामी होती! तपासणीला नेताना नोंदवहीत सही कुणाची, तर माझीच. मग खरं बटण लावून पाहिलं, श्वास रोखून. स्फटिक ढिम्म. श्वास सोडला आणि आलेख टुणकन वर. ऊब लागली की असले स्फटिक वीज सोडतात, हे मी स्वतः मुलांना शिकवतो. तीन महिने मी वाकून माझाच उच्छ्वास मोजत होतो. सर पुन्हा 'हं' वर आलेत. वीस तारखेला समिती येणार. खरा सिग्नल दिसला नाही, तर प्रकल्पाला मुदतवाढ नाही आणि सहा वर्षं पाण्यात. असो. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. : हे सगळे स्फटिक सरांच्या घाईपायी आठ दिवसांत उरकलेले. चाळीस दिवस निवांत वाढलेला एकच, पहिला. तो आईच्या काचेच्या कपाटात आहे. पार्सलमध्ये आठ दिवसांवाल्यांतलाच एक, हुबेहूब दिसणारा, पाठवलाय. आई दुपारी आडवी झाली की बदलून टाक आणि जुना वीस तारखेआधी मला पाठव. चिमट्याने उचल. तिला कळू देऊ नकोस.

ता. क. २ : आईला फसवतोय, वाईट वाटतं. पण तूच सांगतेस, ती रोज चष्मा लावून त्यावर वाकते आणि "लेकाने केलाय" म्हणते. जुना तिला कधीच ओळखणार नव्हता. हा नवा ओळखेल.