पेनाची रेघ

माय, तिकडे बाचा दमा कसा आहे? आजीचे गुडघे अजून कुरकुरतात का? थोरल्या काकाला झोप लागते का? आणि तुझा जबडा, माय? आता उघडतो ना नीट? बाकीच्यांची चौकशी आधी केली, पण विचारायचं होतं ते हेच.

मी अकोल्याच्या दवाखान्यात आहे. टाचेच्या भेगेतून जंतू शिरले, अंगातल्या साखरेनं त्यांची चांगली सोय केली, आणि पाय पोटरीपर्यंत लाल, गरम, तुकतुकीत झाला. काल संध्याकाळी डॉक्टरीण पोरीनं लाली जिथं संपते तिथं पेनानं रेघ मारली. म्हणाली, "आजी, सकाळी लाली रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडलं. पुढं सरकली तर सडलेलं मांस काढावं लागेल, कदाचित पायही." मी म्हटलं, "बाई, वावराचा बांध, धुरा आखून राहिली काय? जंतूले धुरा समजते का?" ती हसली. मला काही हसू आलं नाही.

नात अमरावतीला डॉक्टरकीच्या क्लासला जाते. तिचीच पुस्तकं वाचून मी थोडंफार शिकले. काही जंतू मांस विरघळवणारे रस सोडत, वाट करत पुढं सरकतात. माझे तसले. तुझा वेगळा होता, माय. तो जखमेतून हललाही नाही. जागेवर बसून विष करत राहिला, आणि ते विष मज्जातंतूंवाटे वर चढलं.

तो दिवस मला दिसतो. कापसाच्या पऱ्हाटीची धसकटं वेचताना एक तुझ्या तळव्यात घुसतं. तू चिमूटभर काळी माती त्यात दाबतेस, वरून फडकं आवळतेस. मी म्हणते, "माय, धुऊन तं घे." "आपल्याच वावरातली माती हाय. ते आपल्याले काय करते?" जखम वरून बुजते, तू पुन्हा कामाला लागतेस. हवा पोचत नाही तिथंच त्या जंतूचं फावतं, हे आपल्याला कुणी सांगावं? आठवड्याभरानं भाकरीचा घास तुझ्या तोंडात जाईना. बा म्हणाला, "चला, घरात शांती झाली." तू हसायला गेलीस आणि तोंड उघडलंच नाही. मग पाठ कमानीसारखी वाकली. धनुर्वात. भांडं वाजलं तरी तुझं अंग ताठ व्हायचं, म्हणून आम्ही चूलही पेटवत नव्हतो. तू शेवटपर्यंत शुद्धीत होतीस, आमच्याकडे बघत होतीस. बानं त्यानंतर कुणाची थट्टा केलेली मी ऐकली नाही.

आता उजाडलंय. डॉक्टरीण येईलच. नातीचा फोन आला होता. तिला सांगितलं, लाली रेघेच्या आत आहे. पांघरूण मी अजून उचललेलंच नाही, माय. लवकर लिही. जबड्याचं आधी.