यायच्या हाताचा खेळ

३ नोव्हेंबर
सकाळी यायले, म्हंजे सुधाकरच्या बाबाले, खुर्चीत बसवलं. एका बाजूनं सुधाकर, एका बाजूनं मी. लकव्याचा उजवा हात मांडीवर ठेवला तं तसाच पडून, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. दाबायले रबरी चेंडू दिला. डाव्या हातानं भिरकावला, पार दारापर्यंत. म्हटलं, डावा तं झकास चालून राह्यला. जन्मभर हुकूम सोडले, आता जीभ बंद, तं चेंडूनं बोलतात.
बुलढाण्याच्या दवाखान्यातली व्यायाम करवणारी बाई लग्न होऊन गेली. तिच्या जागी कोणी नाही. जाताना तिचा कॉम्प्युटरचा खेळ पेनड्राइव्हवर देऊन गेली. वरून संत्री पडतात, माऊस पट्ट्यानं हाताले बांधायचा, टोपली सरकवून झेलायची. तिथं यायनं दोन-तीन झेलली होती. बाकी कशालेच हात लावू देत नाहीत. डॉक्टर म्हणे, जे काय परत यायचं ते थंडी संपायच्या आत. मंग आशा धरू नका.

४ नोव्हें.
लेक मीनानं तिचा जुना कॉम्प्युटर चिखलीहून जीपमध्ये पाठवला. पेनड्राइव्ह लावला. खेळ उघडेच ना. लेकीले फोन केला.
"माय, तो खेळ विंडोजचा हाये, अन् माझ्यात लिनक्स हाये."
"मंग?"
"दोघायचं जमत नाही."
"घरात कोणाचं जमते? चालव कसाही."

६ नोव्हें.
मीनानं फोनवर सांग सांग सांगितलं, मी दाबलं. मधात एक प्रोग्राम टाकला. त्याच्यानं खेळाले वाटते का आपण आपल्याच घरी आहो.
"म्हंजे फसवायचं त्याले."
"हाव, तसंच."
"फसव मंग लवकर."
उघडला! यायचे डोळे इतके मोठे झाले. खेळानं नाव विचारलं. किबोर्डावर मीनानं मराठी अक्षरं चिकटवेल आहेत, लिहिलं: सुधाकरचे बाबा. पुढचं बटण दाबलं अन् सारं गायब. पुन्हा केलं. पुन्हा गायब. यायनं मान फिरवली. जेवले नाहीत.

९ नोव्हें.
प्रोग्राम काढला, नवा टाकला. नाव लिहिलं, गायब. मीना म्हणे, ह्याच्यापेक्षा जुना टाकून पाहू. तोही टाकला. तेच.
कपाशी वेचून सुधाकर आला. "माय, बाबाले आता खेळ कायले लावते? रामराम म्हणवून घे."
"म्हणाले जीभ कुठी हाये? तूच म्हण त्यायच्या वाटचं."
गेला हातपाय धुवायले.

१२ नोव्हें.
बोटं आत वळून राह्यली. आज तेल लावून उघडताना जोर लागला, हे कण्हले. काल एवढा जोर लागत नव्हता. अजून थोडे दिवस असेच गेले तं मूठ कायमची.
कोणाले सांगू. देवाले सांगून पाह्यलं, मंग पुन्हा तेलाची वाटी घेतली.

१४ नोव्हें.
मीनाले म्हटलं, तुझ्यानं होत नसन तं सांग, मी पेनड्राइव्ह चुलीत टाकते. ते चिडली. म्हणे फोनचा कॅमेरा धर, पहिल्यापासून करून दाखव. दाखवलं.
"हे काय लिहिलं व माय?"
"यायचं नाव."
"हे नाव हाये? अन् मराठीत? म्हणून मरून राह्यला तो! जुना खेळ, इंग्रजी अक्षरांशिवाय त्याले झेपत नाही."
इतके दिवस. पहिलेच काऊन नाही पाह्यलं? तिनं नाही विचारलं, मी नाही सांगितलं.
ए बी सी दाबलं. चालला. पण संत्री अशी पडे जशी कोणी झाड हलवलं. यायनं डोळेच मिटून घेतले. मीना म्हणे, दवाखान्यातल्या बाईनं हळू पडणारी संत्री बाबाच्या नावावर लावून ठेवली असन. तेच नाव पायजे, पुरं.
"तू ये अन् लिही."
"रविवारच्या आधी सुटी नाही. तू लिही न."
"मी नाही लिहत."
"लग्नात उखाण्यात घेतलं होतं न?"
"ते लोकायनं घेववलं."

१५ नोव्हें.
सुधाकरले म्हटलं, बापाचं नाव इंग्रजीत लिहून दे अन् मंग जा. म्हणे ट्रॅक्टर थांबला हाये, संध्याकाळी पाहू. संध्याकाळी आला तो झोपला.
यायची करंगळी आज उघडलीच नाही.

१६ नोव्हें.
नाही थांबली. सकाळी चूल आटपून यायले बसवलं, हात पट्ट्यानं बांधला. मीनाले फोन. ते एकेक अक्षर सांगे, कसं दिसते ते सांगे, मी हुडकून दाबे. पडद्यावर मोठं मोठं उमटून राह्यलं होतं. हे पाहून राह्यले होते, पडद्याकडे नाही, माझ्याकडे. म्हटलं, असं काय पाहता, चवथी पास बाईले येते थोडंफार.
मोठ्यानं नाही वाचलं. इथंही लिहत नाही.
दाबलं. गायब नाही झालं. टोपली आली, वरून एक संत्रं, आरामात. पडलं. दुसरं, तेही पडलं. तिसऱ्याच्या वेळी टोपली सरकली, बोटभर. संत्रं काठाले लागून बाहेर गेलं.
यायच्या कपाळावर घाम. तोंडातून काहीतरी आवाज, शिवी असन.
मीना फोनमधून ओरडे, "झेललं का माय? झेललं का?"
काय सांगू. माझं कोपर टेबलावर होतं. हात हलला का माझ्या कोपराचा धक्का लागला, मले कळलं नाही. त्यायले विचारलं, "तुम्ही हलवला?" तं नुसते पडद्याकडे पाहत बसले. मंग लाइट गेली ते जेवणापर्यंत आली नाही.
उद्या मी टेबलाले शिवणार नाही. दूर भिंतीले टेकून बसन अन् पाहीन.