जीपच्या हुकावर बाबांची सायकल

रवि. ५ जाने. १९६४, वडनेर

सकाळच्या गाडीने आले. बाबा बसस्टँडवर उभे होते, हातात सायकल. घरापर्यंत दोघं चालत. मी चालत होते म्हणून तेही चालत, सायकल बाजूला.

विषय तोच. अंगावरून वारं गेलेल्या माणसाने एकट्याने राहू नये, असं डॉक्टर पुन्हा म्हणाले. मी जळगाव जामोदला, कालव्याच्या ऑफिसात ड्रॉइंग करते, क्वार्टर दोन खोल्यांचं, एक खोली रिकामीच. बाबा आजवर सरळ नाही म्हणत. आज तसं म्हणाले नाहीत.

"सायकल येत असन तर येतो. तिले सोडून नाही येत."

तिकडे सायकल भाड्याने मिळते, मी म्हटलं.

"ते मले सांगू नको."

एस.टी.च्या टपावरून नेऊ म्हटलं. तेही नाही. मागे एकदा टपावरून उतरवताना हँडल वाकलं होतं, ते अजून विसरले नाहीत. सायकल माझ्यापेक्षा वयाने मोठी. भांडले नाही. भाकरी छान झाली होती.

मंगळ. ७ जाने., ज. जामोद

मधूला गाठलं. मधुकर म्हणजे बाबांचा विद्यार्थी, चौथीत दोनदा बसलेला. नांदुरा ते ज. जामोद भाड्याची जीप चालवतो. जीप लढाईच्या डिस्पोजलमधली, लिलावात घेतलेली, पण इंजिन चांगलं ठेवलंय.

"गुरुजींले आणाचं हाय? मंग इचारता काय ताई, तारीख सांगा."

सायकलचं सांगितलं. हसला. टप कॅनव्हासचा. आत बाबा, ट्रंक, गादी, दोन पोती, मी. बॉनेटवर बांधली तर त्याला रस्ता दिसणार नाही. ट्रेलर होता, तो कापसाच्या जिनवाल्याने नेला तो नेलाच.

राहिला मागचा हूक. ट्रेलर ओढायचा. हूक मजबूत आहे. त्यावर काही बसवता येईल.

गुरु. ९ जाने.

हुकाची मापं घेतली. जमिनीपासून वीस इंच. उजव्या अंगाला स्टेपनी, ती आठ इंच बाहेर. सायलेन्सरही उजवीकडेच, टायरचं रबर त्याच्यापासून लांब हवं. नंबरप्लेट झाकता कामा नये.

मधल्या सुट्टीत ड्रॉइंग. हुकातून उभा खांब, छातीच्या उंचीला दोन हात, सायकलची दांडी त्या हातांवर टांगायची, मध्ये जुन्या ट्यूबचे तुकडे. चाकं अधांतरी. वाटेतल्या नाल्यात घासायचा प्रश्न नाही. चांगलं दिसतं.

बोरकर (हेड ड्राफ्ट्समन) मागे येऊन उभे. "बाई, कालव्याच्या गेटला सायकल कुठून अडकली?"

खाजगी काम आहे म्हटलं. "मग खाजगी पेन्सिल वापरा." पण जाताना म्हणाले, खांबाला तिरका टेकू द्या, हेलकाव्याने वाकेल. बरोबर आहे. दिला.

त्या दांडीवर बसून मी शाळेत गेले. बाबा दांडीला टॉवेल गुंडाळायचे. टॉवेल हिरव्या काठाचा.

रवि. १२ जाने., वडनेर

सायकल मोजायला आले. बाबा शेजारी पेपर वाचायला गेले होते. पायी, लाठी न घेता, भिंतीला हात लावत. दोन घरंच आहेत मध्ये.

सायकल अंगणात. मापं: चाक अठ्ठावीस, दांडी चोवीस. मग सीट. सीटच्या मागच्या रुंद भागावर धूळ, बोटाने रेघ उमटली. पुढचं निमुळतं टोक मात्र चकचकीत, तेल पाजल्यासारखं. बसून सीट तशी होत नाही. हात ठेवून होते.

चेन कोरडी, कडांना गंज. डावा ब्रेक इतका हलका करून घेतलाय की करंगळीने दाबला तरी चाक धरतो. मागे कॅरिअरवर पुस्तकांची पिशवी, नेहमीची. उचलून पाहिली. पुस्तकं वर. खाली दोन विटा, कापडात गुंडाळलेल्या.

सायकल पुढे हलकी, मागे जड. म्हणजे रेलून चाललं तरी निसटत नाही.

पिशवी होती तशी ठेवली. फडकं घेऊन सीटवरची माझ्या बोटाची रेघ पुसली. मग लक्षात आलं, एवढीच जागा स्वच्छ दिसते. थोडी माती घेऊन टाकली.

बाबा आले. "झालं मोजून?"

हो म्हटलं.

"कशी हाय माही गाडी?"

चांगली आहे म्हटलं. तेल देते चेनला. "नको, मी देतो नं. तू काऊन हात काळे करतं?"

संध्याकाळी बाबा देवळाकडे गेले. मी दारातून पाहिलं. उजवा हात सीटवर, डावा हँडलवर नुसता ठेवलेला, डावा पाय किंचित ओढत. वाटेत दोघे भेटले. "गुरुजी, उतरून चालले?" "हाव, मागचं चाक कमी हाय हवेत."

किती महिने हवा कमी आहे, कोण जाणे.

बुध. १५ जाने., ज. जामोद

संक्रांत. कुणाकडे गेले नाही. शेजारच्या बाईंनी तिळगूळ आणून दिला, त्यांना वाटलं बरं नाही मला.

पहिलं ड्रॉइंग चूक आहे. गणितात चूक नाही. छातीएवढ्या उंचीवर टांगलेली सायकल कुणीतरी काढून दिल्याशिवाय बाबांच्या हाती येणार नाही. म्हणजे वाटेत ते जीपमधून उतरू शकणार नाहीत. किंवा उतरतील, आणि सगळ्यांना दिसेल.

लाठी घेणार नाहीत. मागच्या वर्षी मी आणलेली लाठी सापासाठी दाराआड ठेवली आहे.

शुक्र. १७ जाने.

टांगायची नाही. उभी करायची. लोखंडी पन्हळ, चाकं तीत. पन्हळ जितकी खाली तितकं बरं. डावं टोक बिजागरीवर: प्रवासात वर उभं, पिन घालून, तेच चाकाला अडसर. थांबलो की पिन काढायची, टोक जमिनीला टेकतं, सायकल त्यावरून आपोआप घरंगळत खाली. उचलायचं काहीच नाही.

सायकलचं तोंड डावीकडे ठेवायचं. म्हणजे जीपमागे उभं राहिलं की ती त्यांच्या उजव्या हाताला येते. रोज येते तशीच.

पिनला मोठं कडं. एका हाताने, पंजाने ओढता येईल असं. रबरी पट्टाही, एका हाताचा.

अडचण: खाली ठेवलं की नाल्यात घासणार. येत्या रविवारी बघायचं.

रवि. १९ जाने.

मधूच्या जीपला मागे आडवा बांबू बांधला. आधी दहा इंचांवर. गावाबाहेरच्या नाल्यात जीप उतरवली, चढताना बांबूने काठ खरवडला.

"झाली ना ताई माही गाडी वखर," मधू म्हणाला. "आता पेरणीच करून टाकू."

बारा इंच, पुन्हा घासला. चौदाला सुटला. दोन बोटांचं अंतर उरलं.

मधूने विचारलं, "येवढं खाली काऊन पायजे पण? मी हाय नं, मी उचलून देतो. गुरुजींची सायकल हाय, डोक्यावर घेऊन जाईन."

वर ठेवली तर हेलकावे खाते, मी म्हटलं. हेही खरंच आहे.

मधू चांगला माणूस आहे. सांगितलं तर कुणाला बोलणार नाही. तरी सांगितलं नाही. ती माझी गोष्ट नाही सांगायची.

शनि. २५ जाने., नांदुरा

रफिकचाचांकडे वेल्डिंग. ऑइल इंजिनाचे पाय जोडतात, बैलगाडीचे आखही. ड्रॉइंग उलटं धरलं, मी सरळ करून दिलं.

"हे शेपूट कशाले बेटी?"

उतार, म्हटलं.

"बकरी चढवाची हाय का?"

सायकल.

"सायकल तर मानूस उचलते." शेपटाला आतून खरवडून दिलं, टायर घसरू नये म्हणून. ते माझ्या ड्रॉइंगमध्ये होतं, पण मी सांगायच्या आधी केलं. पिनचं कडं दोनदा करायला लावलं. पहिलं लहान होतं.

रवि. २ फेब्रु.

आणलं. बाबांना.

सकाळी वडनेरला गर्दी. अर्धी शाळा. बाबा धोतर, कोट, टोपी, फोटो काढायला निघाल्यासारखे. हुकावरचा स्टँड बघून दोनदा फेरी मारली, सायकल धरूनच.

"इतकं खाली काऊन गं?"

हेलकावे.

माझ्याकडे पाहिलं. मी ट्रंक उचलली.

बाबा पुढे मधूजवळ, मी मागे पोत्यांत. तिथून सायकल दिसत होती, सगळा रस्ताभर. हलली नाही. नाल्यातही नाही.

पूर्णेवर मधूने गाडी थांबवली, रेडिएटरमध्ये पाणी घालायला. बाबा म्हणाले, "मले उतराचं हाय जरा." मधू पाणी सोडून मागे धावला, सायकल काढून द्यायला.

"मधू, रेडिएटर बघ," मी म्हटलं.

"पाह्यलं ताई आत्ताच."

"परत बघ."

तो थांबला. माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग मुकाट पुढे जाऊन बॉनेटमध्ये डोकं घातलं. बराच वेळ.

मी नदीकडे तोंड करून बसले. मागे कड्याचा आवाज. पिन. शेपूट टेकल्याचा आवाज. ब्रेक धरून सोडत, धरून सोडत, टायर उतरला. मग दगडांवरून सायकल जाताना ऐकू आली. वळून पाहिलं तेव्हा बाबा काठाशी पोचले होते, सायकल शेजारी, दोघं पाण्याकडे बघत.

परत आले. चढवायच्या वेळी मात्र थांबले. मागे रेटत उतारावरून वर न्यायची, तर डावा हात लागतो. एकदा प्रयत्न केला. चाक आडवं झालं. मधू आला, सायकल वर ठेवली, पट्टा ओढला, पुन्हा स्टिअरिंगवर.

पुढे बऱ्याच वेळाने बाबा मागे न वळता म्हणाले, "नलू, उतराची सोय मस्त केली."

मी पोतं सरळ केलं.

"चढाची राहून गेली."

विसरले, म्हटलं. मुद्दाम नव्हतं. इथे लिहून ठेवते, कारण तिथे सांगितलं नाही.

सोम. ३ फेब्रु.

आठ दिवसांसाठी आलोय, असं बाबांनी शेजारच्या बाईंना सांगितलं. मला तसं म्हणाले नव्हते.

गुरु. ६ फेब्रु.

ऑफिसातून आले तर बाबा घरी नाहीत. सायकलही नाही. अर्धा रस्ता धावत गेले. पोस्टाच्या कट्ट्यावर दोन म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवत होते. सायकल भिंतीला.

"काऊन पळून राह्यली?"

पळत नव्हते, म्हटलं. दम लागला होता, ते दिसत होतंच.

परत येताना दोघं चालत. सायकल मध्ये. एका जागी चिखल होता, तिथे बाबांनी हँडलवरचा डावा हात काढून माझ्या खांद्यावर ठेवला. चिखल संपला, हात परत हँडलवर. दोघंही रस्त्याकडेच बघत होतो.

रवि. ९ फेब्रु.

आठ दिवस झाले म्हणून मधू विचारायला आला. "स्टँड काढू का ताई? लोक इचारून राह्यले, मागं कोंबड्याचा खुराडा हाय का म्हून."

मी म्हटलं, बाबांना विचार.

बाबा ओसरीवर चेनला तेल देत होते. खरंच देत होते. "राहू दे बे मध्या. तुले जड होते काय?"

"मले कायचं जड? पण गुरुजी, जाचं हाय का राहाचं हाय?"

"तुहा चौथीचा निकाल लागे तवा तू मले इचारलं व्हतं का, पास का नापास?"

मधू खूप हसला. मीही. पण उत्तर मिळालं नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

शुक्र. १४ फेब्रु.

बोरकरांना दुसरं ड्रॉइंग दाखवलं, माझ्या खाजगी पेन्सिलने केलेलं. उजव्या टोकालाही उतार. सायकल उजवीकडून तोंडानेच चढेल, पन्हळीतून सरळ जाईल, डावीकडून उतरेल. मागे रेटायचं कामच नाही. सायलेन्सरमुळे उताराची फळी चार इंच मागे घेतली. उजवी बाजू वाहतुकीची, तेव्हा चढवताना जीप मोकळ्यावर लावावी लागेल, तेवढं लिहून ठेवलं.

बोरकर म्हणाले, हे आधीच का नाही सुचलं?

सुचायला हवं होतं. माझ्या दृष्टीने बाबा फक्त येणार होते.

रवि. १६ फेब्रु.

सकाळी ड्रॉइंग बाबांपुढे ठेवलं. हे केलं की कुणाचा हात न लागता कधीही जाता येईल, एवढंच म्हटलं.

चष्मा लावून खूप वेळ पाहत होते. मापं बोटाने वाचली, वर्गात फळ्यावरचं वाचून घ्यायचे तशी. "चढ जास्त नाही झाला?"

नाही. हिशेब केलाय. पिशवीसकट.

बोट जिथे होतं तिथेच राहिलं.

"पिशवीसकट," म्हणाले.

"हो."

मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वीट एक कमी केली तरी चालते आता. इथले रस्ते सपाट हायेत."

मी चहा ठेवायला आत गेले. बाहेरून आवाज, "नलू, रफिकले सांगजो, करून ठेव म्हणा. घाई नाही."

चहा पिऊन बाबा पोस्टाकडे गेले. रविवार आहे, पोस्ट बंद, त्यांना माहीत आहे. मी सोबत येते म्हटलं नाही.

ड्रॉइंग टेबलावर आहे. माप, नाव, सही, सगळं घातलं. आमच्या ऑफिसात तारखेशिवाय कागद बाहेर जात नाही. तारखेची चौकट अजून रिकामी आहे.