तीन फुल्यांखालचा मजकूर

प्रिय वहिनी,

पाकिटावर ‘शाळेच्या जाहिरातीचा मजकूर, तपासणीसाठी’ असं मी मुद्दामच लिहिलंय. शाळेचं टपाल तुम्हीच फोडता, म्हणून पत्र घरी न पाठवता तिथे पाठवतोय. फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलेला असतो आणि वाजला की दादाच उचलतो. वाचून झालं की फाडून टाका. आणि आधी खुर्चीत नीट बसा. भावजींच्या नाटकीपणाची तुम्हाला सवय आहे, पण आज नाटक नाही. मी फार मोठी घाण करून ठेवलीय आणि ती तुमच्या दारापर्यंत आलीय.

आमच्या पेपरची जुनी यंत्रणा बदलतेय हे तुम्हाला माहीत आहे. सहा महिने भेटेल त्याच्यापुढे मी तेच रडगाणं गातोय. बावीस वर्षं एकाच संगणकावर सगळा कारभार चालला होता. ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेला तो डबा कोपऱ्यातल्या खोलीत धापा टाकत बसायचा, आणि तो रुसला की त्याची समजूत फक्त पानं लावणाऱ्या अण्णांना काढता यायची. मालकांनी ठरवलं की आता सगळं नवं करायचं. बावीस वर्षांच्या बातम्या वाचकाला घरबसल्या फोनवर शोधता आल्या पाहिजेत. त्यासाठी एक तंत्रज्ञ मुलगी आणली. ती प्रत्येक गोष्टीला ‘असं का?’ विचारायची, म्हणून आम्ही तिचं नाव काबाई ठेवलं. ‘तू कालची आलेली, आम्हाला पेपर शिकवतेस का,’ असं मी तिला चारचौघांत बोललो होतो. वहिनी, साऱ्या कचेरीत डोकं ठिकाणावर असलेलं माणूस ती एकटीच होती.

आता मुद्द्याचं सांगतो. जुन्या यंत्रणेत आमची एक रीत होती. बातमी संपली की खाली तीन फुल्या मारायच्या. फुल्यांखाली जे लिहाल ते छापलं जायचं नाही, ते फक्त आम्हाला दिसायचं. कुणाचा फोन नंबर, ‘फोटो उद्या येतोय’, ‘शीर्षक बदला, झोप येते’, असलं काहीबाही तिथे असायचं. आणि तिथेच असायचं बातमी देणाऱ्याचं नाव. उद्या कोर्टकचेरी झाली तर बातमी कुठून आली हे संपादकांना कळावं, म्हणून ते लिहायचंच असा दंडक होता. फुल्यांखालचं बाहेर जात नाही, हे आमच्यात कुणी कुणाला शिकवलंच नाही. सगळ्यांना ते माहीतच होतं. काबाईला मात्र कसं माहीत असणार?

तिनं विचारलं होतं, हेच तर मला खातंय. जुन्या मजकुराबद्दल एकशे चाळीस प्रश्नांची यादी करून तिनं माझ्या टेबलावर ठेवली होती. त्र्याण्णवावा प्रश्न होता, ‘या तीन फुल्या कशासाठी? खालचा मजकूर ठेवायचा की काढायचा?’ ती यादी चौदा दिवस माझ्या चहाच्या कपाखाली होती. पंधराव्या दिवशी मालकांनी घाई केली, आणि मी न वाचता शेवटच्या पानावर ‘सर्व तपासले’ लिहून सही ठोकली. वहिनी, आमच्या दादानं कारखान्यात दुसरं काय केलं होतं? सांडपाण्याची टाकी न बघता दर आठवड्याला ‘साफ केली’ म्हणून सही. तेव्हा त्या सह्यांवर मी अग्रलेखात काय काय ताशेरे ओढले होते! एकाच आईची लेकरं आम्ही.

सोमवारी सकाळी नऊला नवी साइट सुरू झाली. दहा वाजता लोक हसायला लागले. एका सत्कार समारंभाच्या बातमीखाली ‘साहेब खूश होतील, जाहिरात मागून घ्या’ असं दिसत होतं. आम्हीही हसलो. मग साडेअकराच्या पुढे अण्णा टेबल धरून खाली बसले आणि म्हणाले, “अरे, नावं!” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. काबाईनं वीस मिनिटांत सगळं काढून टाकलं, पण बैल गेला आणि झोपा केला. तीन तास एक्केचाळीस माणसांची नावं उघडी पडली होती. मी एकेकाला फोन लावून माफी मागत बसलो. एक बाई नुसती रडत राहिली. पाणीखात्यातला एक म्हातारा म्हणाला, “साहेब, तुमच्यावर विश्वास ठेवला, तेव्हा चूक माझीच.” मला वाटलं होतं, शिव्या देईल. शिव्या परवडल्या असत्या.

एकाच माणसाला मी फोन केला नाही. चार वर्षांपूर्वी तुम्ही कारखान्याच्या आवक-जावक टेबलावर होता. शाळेच्या विहिरीत कारखान्याचं पाणी उतरतंय, हा अहवाल तुमच्या हातून ‘दप्तरी दाखल’ होणार होता. तुम्ही तो माझ्याकडे आणलात. म्हणालात, “भावजी, ती पोरं आजारी पडतायत. पण माझं नाव कुठे येता कामा नये. ह्यांना कळलं तर मी मेलेच.” मी शपथ घेतली. आणि कचेरीत येऊन फुल्यांखाली लिहिलं, ‘कागद माझ्या वहिनींकडून.’ दंडक म्हणजे दंडक. मला तेव्हा स्वतःच्या शिस्तीचं कौतुकही वाटलं होतं.

पुढचं तुम्हाला मी काय सांगू? चौकशीत कारखान्यानं सगळं दादाच्या सह्यांवर ढकललं आणि सुपरवायझर होता त्याला फाटकावरच्या नोंदवहीवर आणून बसवलं. कागद बाहेर नेणाऱ्याला तो घरभेदी म्हणतो. जेवताना त्याच्या नावानं बोटं मोडतो, आणि समोर तुम्ही मान खाली घालून भाजी वाढत असता. दर रविवारी तुमच्याकडे जेवायला येतो तेव्हा मी ते पाहिलंय. आपलेच दात, आपलेच ओठ. तुम्ही ती नोकरी सोडून शाळेच्या कचेरीत लागलात, पण त्याला कधी काही सांगितलं नाहीत, आणि मीही नाही. आई गेल्यावर तुम्ही मला दहावीपासून पोटच्या पोरासारखं सांभाळलंत, त्याची ही फेड. सोमवारी मी मनाला समजावलं, इतक्या जुन्या बातमीकडे कोण बघणार? नव्या साइटवर जुनं शोधता येतं म्हटल्यावर आपला दादा सगळ्यात आधी काय शोधील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आज सकाळी तो कचेरीत आला. इतक्या वर्षांत कधी जिना चढला नव्हता. समोर बसला आणि फोन माझ्यापुढे सरकवला. त्यात त्या बातमीचा फोटो होता, फुल्यांखालच्या ओळीसकट. सोमवारपासून त्याच्याकडे आहे. तीन दिवस तो तुमच्यासमोर बसून जेवला, वहिनी. मला एवढंच म्हणाला, “तुला वहिनी एकच आहे ना?” आणि मी खोटं बोललो. सांगितलं, कागद मी तुझ्या बॅगेतून काढले, तू अंघोळीला गेला होतास तेव्हा, आणि संपादकांना चोरी कशी सांगायची म्हणून वहिनींवर ढकललं, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही.  त्यानं जुडग्यातून माझ्या घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. जाताना म्हणाला, “तिची परीक्षेची गडबड चाललीय. रविवारी मोकळी झाली की एकदाच विचारीन.” म्हणून हे पत्र, वहिनी. रविवारी तो विचारील. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात, पण हात जोडतो, एवढ्या वेळी बोला. काही माहीत नाही म्हणा. त्याच्यासमोर मला वाटेल ते बोला, असला दीर उंबऱ्यात नको म्हणा. भावावाचून तो जगेल, तुमच्यावाचून नाही जगणार. त्यानं विचारायच्या आधी मात्र एक करा, आठवणीनं करा. रविवारी माझं ताट मांडू नका.

तुमचाच,
भावजी