रविवारी शिंका नाहीत

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई मांजरीसकट तुझ्याकडे पोचल्याचं कळलं. तू पत्रात माझी बिनपाण्याने केलीस, ती मुकाट वाचली. पण ताई, चिमी चार वर्षांची पोर. शिंकून शिंकून डोळे सुजतात, श्वास घेताना छाती वाजते. मांजर कुणाला तरी देऊन टाक म्हटलं, तर आई हटून बसली. शेवटी माझा तोल गेला आणि नात हवी की मांजर ते ठरव, असं बोलून बसलो. तिने पिशवी भरली.

डॉक्टरीणबाईंनी शिंकांच्या वेळा वहीत लिहायला सांगितल्यात. बायको लिहिते आहे. मांजर गेली, आता आराम पडेल.

राग मनात ठेवू नकोस.
तुझा धाकटा

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

आठवडाभर हे पत्र लिहायचं टाळलं. महिनाभराची वही डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत वाचली. सकाळी चिमी ठणठणीत, दुपारीही. रोज संध्याकाळी साडेसहानंतर शिंका, मग छातीत घरघर. रविवारी काही नाही. साडेसहाला घरी कोण येतं, असं त्यांनी विचारलं. मी येतो, ताई. फर्निचरच्या कारखान्यात दिवसभर लाकूड घासून, अंगभर भुसा घेऊन. आणि ती दारातच गळ्यात पडते.

आता कारखान्यातच आंघोळ करून, कपडे बदलून निघतो. आठवड्यात एक शिंक नाही. आईला सांग, रविवारी न्यायला येतो. मांजरीलाही.

तोंड दाखवायला जागा नसलेला,
धाकटा

दि. १५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिला नवल वाटलं नाही. तू कारखान्यात जात नाहीस त्या रविवारी शिंका नसतात, हे निघायच्या आठवड्यातच तिच्या ध्यानात आलं होतं. लेकीला आपलंच वावडं आहे हे कळलं तर तू तिला जवळ घेणं सोडशील, म्हणून ती गप्प राहिली. मी तिच्यावरही चिडले. पोरीची छाती वाजत असताना असली माया काय कामाची? एका आंघोळीने भागेल हे तिला सुचलंच नाही. ऐकून ती बराच वेळ रडली.

पण ती परत येणार नाही. मांजरीचं तिला काही नाही. पोटच्या मुलाने आपल्याला नात की मांजर असं ठरवायला लावलं, हे मात्र तिच्या मनातून जात नाही, आणि मीही तिची समजूत घालणार नाही. रविवारी चिमीला घेऊन ये, जेवा, बसा. न्यायला म्हणून येऊ नकोस.

तुझी ताई