पडवीतली ओली माती

अलंग, ता. १४ जुलै १९९३

महिपतीदादा यास,

नमस्कार लिहितोय, पण हात शिवशिवतोय. ह्या खेपेला तरी दोष विठूचा नाय. सरूताईचं तिच्या सासरहून, अष्टमी गावाहून पत्र आलं. आई परत पडली. पडवीतच, तुझ्या गणपतींच्या रांगेत. मनगट मोडलं, कपाळाला चार टाके. आणि तू मला एक ओळ लिहिली नाय.

गेल्या साली खुबा मोडला तेव्हा डॉक्टरने काय बजावलं होतं? म्हातारीला पट्ट्याच्या रबरी वहाणा घाला, घरातसुद्धा. ओल्यात चालू देऊ नका. रक्तदाबाची गोळी घेतली की घटकाभर खाटेवर बसवा, मग उठवा. वहाणा मीच आणलेल्या. त्या कुठं हायत? सरू लिहिते, उंबऱ्याबाहेर. सीझनला पडवीत मूर्ती मांडल्या की आई अनवाणी. सरूने विचारलं तर म्हणाली, "देव उभे हायत, त्यांच्यात वहाणा घालून फिरू काय गो?" आणि पुतळीवहिनीने मान डोलावली. तूपण डोलावली असशील. दादा, तुझे देव पाटावर बसून असतात, त्यांना चालणाऱ्याचं काय कळणार? रंगसुद्धा चढला नाय त्यांना अजून. मी तिथं असतो तर एकेकाचं मुंडकं उडवलं असतं आणि मग तुझ्याकडे वळलो असतो.

खरंच वळलो असतो. मागच्या वेळी वळलोच होतो.

साचा फुटला म्हणून तू कामगारांसमोर माझ्या थोबाडीत दिलीस. मी फावडं उचललं. तुझं डोकं फोडायचंच होतं, खोटं कशाला बोलू. आई मधे आली, "मेल्यांनो, एका पोटचे ना!" म्हणत. तुझ्यापर्यंत जायला वाट पाहिजे होती म्हणून मी तिला खांद्याला धरून बाजूला फेकली. ढकलली नाय, फेकली. ओट्याच्या कडेवर आपटली. हाड मोडलं ते मी ऐकलं. तूपण ऐकलंस, आणि तरी त्यानंतर मी तुला फावड्याचा दांडा घातलाच.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, "आजी, कशा पडलात?" मी दाराबाहेर होतो. आई म्हणाली, "ओल्या शाडूवरनं पाय सटकला." तू शेजारी उभा राहून गप्प बसलास. तेव्हापासून सगळा गाव तुला बोलतो, महिपतीने घराचा चिखल केला, आई पाडली. तू ते ऐकून घेतोस. ती घरी येऊन उठायला लागली तसा मी पळालो.

आता ती खरोखरच त्या मातीवरनं सटकली. तिने मला वाचवायला सांगितलेलं खोटं तिच्याच अंगावर आलं. हे पत्र सरूला वाचून दाखव. वहिनीलापण. तुझ्यावरचा आळ जाऊ दे.

डॉक्टरने सरूला सांगितलंय, तिसऱ्यांदा पडली तर म्हातारी उठायची नाय. म्हणून नीट ऐक. मूर्ती पडवीतून काढ, मागच्या छपरात ने. नेल्या नायस तर मी येऊन नेईन, आणि नेताना एकपण साबूत राहणार नाय. माती कालवायची ती अंगणात. खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीला लोखंडी पाइप ठोकून घे, तिच्या कमरेच्या उंचीला. इथं आमच्या जहाजं तोडायच्या कामावर परवा बाजूचा पोरगा वरनं खाली गेला. पंचवीस वर्षांचा, पाय घोड्यासारखे. धरायला काय नव्हतं म्हणून गेला. मग आईचं काय घेऊन बसलास?

मी गणपतीला येत नाय. रागाने नाय. निघायच्या दिवशी तिला खाटेवरून उठवायला हात पुढे केला, तर तिने डोळे मिटले आणि अंग चोरलं. मग हसली, म्हणाली, "झोप आली रे." पाइपला ती भिणार नाय.

तुझा भाऊ,
विठू

मनीऑर्डर वेगळी केलीय. येण्याजाण्याचं भाडं राखलं होतं तेपण त्यात घातलंय. एकूण रुपये नऊशे.