उपासाचा एक डबा

आई, गेल्या आठवड्यात एका वकिलाने माझ्या टेबलावर हायकोर्टाचा निकाल ठेवला. माणूस हजर करा असा हुकूम असूनही त्याला दडवून ठेवणाऱ्या फौजदाराला कैद झाली होती. मी तो दोनदा वाचला आणि माझी जेवणाची सुट्टी तशीच गेली. तुझी आठवण झाली असं म्हणत नाही, कारण ती कधी गेलीच नाही.

आपली खानावळ ठाण्यासमोर, आणि कोठडीतल्या माणसांचे डबे तुझ्याकडून जायचे. चोर असो की साव, पोळी गरमच गेली पाहिजे, हा तुझा कायदा. एकदा मी शिळी पोळी डब्यात घातली, तर तू ती काढून माझ्याच ताटात वाढलीस. डबे किती, ते सांगायला शिपाई रोज सकाळी चिठ्ठी आणायचा. कुणाचा उपास असला तर नावही लिहायचा, कारण त्या डब्यावर तू खडूने नाव घालायचीस.

श्रावण होता. सेलूकडची एक बाई तीन दिवस आपल्या बाकावर बसून होती. तिच्या नवऱ्याला ठाण्यात आणलं होतं आणि ठाण्याचे फौजदारसाहेब म्हणत होते, आणलाच नाही. तिच्या भावाने नागपूरला हायकोर्टात अर्ज केला. शनिवारी ठाण्यात हुकूम आला, सोमवारी माणूस हजर करा. साहेबांनी लेखी कळवलं की असा कोणी आमच्याकडे नाही. आणि त्याच सोमवारी चिठ्ठी आली: चार डबे, एक उपासाचा. खाली शिपायाने सवयीने लिहिलेलं त्या बाईच्या नवऱ्याचं नाव. माणसाला मारहाण करताना ठाण्यातल्यांचा हात अडखळला नाही, पण श्रावणी सोमवार मोडायची भीती वाटली.

तू चिठ्ठी वाचलीस, मसाल्याच्या डब्यात ठेवलीस आणि हळूच म्हणालीस, "उद्या वकिलाले देऊ. आता सायेब जेलात जाते." माझी कोर्टातली नोकरी ठरली होती, फक्त पोलिस पडताळणी बाकी होती. ते कागद त्याच साहेबांच्या सहीसाठी पडून होते.

मंगळवारी चिठ्ठी सापडली नाही. तू एकेक डबा परातीत रिकामा केलास, हळदीने हात कोपरापर्यंत पिवळे झाले. "माह्याच हातून हरवली व," तू त्या बाईला म्हणालीस. तिने तुझे हात धरले. "जाऊ द्या काकू. तुमी त्यायले उपाशी तं नाई ठेवलं."

गुरुवारी पहाटे तो एसटी स्टँडवर टाकलेला सापडला, जिवंत. उजवा हात पुढे कधी वळला नाही. हुकुमानंतर तो आत होता याला पुरावा नव्हता. आधी आणल्याची नोंद ठेवली नाही, एवढ्यापुरती साहेबांनी कोर्टात दिलगिरी लिहून दिली आणि सुटले. दिवाळीत मी कामावर रुजू झाले, तू आळीभर पेढे वाटलेस. शेवटच्या दुखण्यातही तू म्हणायचीस, डाळीच्या डब्याखाली एकदा पाहाय न व. मी उठायची, डबा हलवायची, नाही म्हणायची.

बोरगाव मेघेच्या या घरात ती चिठ्ठी आता माझ्यासमोर आहे. हळदीचा डाग अजून गेलेला नाही. जाळायची हिंमत झाली नाही, कुणाला द्यायचीही नाही. त्या सोमवारी तू पाठमोरी बसून त्याची साबुदाण्याची उसळ परतत होतीस, आई, तेव्हाच मी ती काढून घेतली.